कोऱ्या तळाचा बूट

एकनाथने स्वतःच्या पायाचा तळवा जन्मात कधी नीट पाहिला नसेल, पण रुक्मिणीला तो पाठ झाला होता. एक दिवसाआड सकाळी तो पडवीत खुर्चीवर बसायचा, ती समोर पाटावर, आणि त्याचा डावा पाय तिच्या मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर. अंगठ्याच्या मागे, चालताना जिथे सगळा भार येतो, तिथे ती जखम होती. पट्टी सोडायची, सलाईनने धुवायचं, टिपायचं, मलम लावायचं, नवी पट्टी बांधायची. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. नवऱ्याच्या इतक्या जवळ इतका वेळ बसण्याचा योग तिला याआधी कधी आला नव्हता, आणि आला तो असा, त्याच्या पायाशी. नशीब एकेकाचं, दुसरं काय!

सुरुवात झाली ती करवंटीच्या एका कपच्याने. पावसाळ्याच्या शेवटी कधीतरी तो पायात घुसला आणि एकनाथला पत्ताच लागला नाही. साखरेच्या आजाराने पायांची जाणीव खाऊन टाकली होती. रुक्मिणीला लादीवर ओले लाल डाग दिसले तेव्हा तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं, आणि हा गृहस्थ तळवा वर करून हसत म्हणाला, "अगो, दुखत पण नाय. उगाच कशाला बोंबलतेस?"

डॉक्टर एरॉल म्हणजे पलीकडच्या आळीतलाच मुलगा, आता वसईत नाव कमावलेला सर्जन. त्याने जखमेत सळई घालून खोली बघितली आणि हातमोजे काढत सांगितलं, "काका, दुखत नाही हीच तर सगळी भानगड आहे. दुखलं असतं तर तुम्ही पाय टेकलाच नसता. हाडाला अजून धक्का नाही. पण जखम मिटली नाही तर हाड सडणार, आणि मग मला पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. नाताळची सुट्टी संपेपर्यंत मी वाट बघतो. तोवर या पायावर भार नको. देतो तो बूट घातल्याशिवाय एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही."

तो बूट सातिवलीच्या एका गाळ्यात मापाने बनवून घेतला. दिसायला होडीसारखा बोजड, आतून मऊ, आणि जखमेच्या जागी खोलगट खळगा, म्हणजे भार तिथे पडूच नये. एकनाथ तो निमूटपणे घालू लागला. रुक्मिणीला नवल वाटलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी ख्याती असलेला माणूस इतक्या सहज ऐकेल, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. पण ऐकतोय म्हटल्यावर तिने देवाचे आभार मानले आणि गप्प राहिली.

खरी अडचण होती पानमळ्याची. घराच्या मागे, हाकेच्या अंतरावर, एकनाथच्या आज्याने लावलेला विड्याच्या पानांचा मळा होता. एके काळी आळीतल्या प्रत्येक वाडीत असा मळा असायचा. कुणी केळी धरल्या, कुणी फुलं, कुणी जमीनच बिल्डरला दिली. आता एवढा एकच राहिला होता. आणि पानमळ्याचा नियम जगाला माहीत आहे: फाटकाच्या आत चप्पल नाही. बाहेरून आलेला कितीही मोठा असो, पायताण बाहेर. वेल म्हणजे लक्ष्मी, ती विटाळली तर कुजते. रुक्मिणीच्या सासऱ्यांनी एकदा पाहणीला आलेल्या साहेबाला फाटकातच मोजे काढायला लावले होते. बायकांना तर महिन्यातले चार दिवस फाटकाकडे फिरकायचीही बंदी. रुक्मिणीने अर्धं आयुष्य तो नियम पाळला, मनातल्या मनात चरफडत का होईना.

तेव्हा ठरलं असं, की एकनाथने मळ्यात जायचंच नाही. फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायचं. चांदीपहून येणारी दोन माणसं आत जाऊन पानं खुडतील, वेली बांधतील, आणि तो बाहेरून सांगेल. त्यानेही मान डोलावली. रोज सकाळी बूट चढवून, काठी टेकत, तो मागच्या दाराने फाटकाकडे जाई; रुक्मिणी तेव्हा स्वयंपाकात गुंतलेली असे. पानांच्या टोपल्या पूर्वीसारख्याच नीटनेटक्या भरून बाहेर येत. रुक्मिणी शेजारच्या फ्लॉसीला कौतुकाने सांगायची, "आमच्या ह्यांनी बूट कसा जपलाय बघ. महिना झाला, जणू आज दुकानातून आणलाय."

त्यांची लेक रेवा मुंबईत एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. कशात, असं नातेवाइकांनी विचारलं की रुक्मिणी "पेशींचं काहीतरी आहे" असं म्हणून चहा टाकायला आत पळायची. दसऱ्याला रेवा घरी आली आणि पट्टी बदलताना आईच्या शेजारी मांडी घालून बसली. बापाच्या तळव्यातल्या भोकाकडे ती ज्या नजरेने बघत होती, तशा नजरेने बायका दागिन्यांच्या दुकानात बघतात.

"आई, ही कड बघ," ती म्हणाली. जखमेभोवती एक फिकट गुलाबी, ओलसर किनार होती, शिवणीच्या दोऱ्याएवढी. "माझं सगळं काम इथे चालतं."

"इथे? बाबांच्या पायात?"

"सगळ्यांच्याच पायात. म्हणजे जखमेच्या कडेला. पेशीच्या अंगावर एक हुक असतो, आम्ही त्याला यूपार म्हणतो. म्हणजे युरोकायनेज रिसेप्टर. धड कातडीत तो जवळजवळ नसतोच. पण कापलं, सोललं, की कडेच्या पेशी तो बाहेर काढतात. मग त्या हुकात एक कातर येऊन अडकते. तिचं नाव युरोकायनेज. जखमेत रक्त गोठून जाळी झालेली असते ना? ही कातर ती कापायची सोय करते, आणि पेशी त्या वाटेने सरपटत आत येतात. चारी बाजूंनी. मधे भेटल्या की हुक परत आत. काम खतम."

रुक्मिणीचा हात पट्टीवरच थांबला. "आणि हे त्यांना सांगतं कोण?"

"तेच तर शोधतेय मी. चार वर्षं झाली."

"आणि गंमत ऐका बाबा," रेवा वर बघून म्हणाली, "ही कातर पहिल्यांदा कशात सापडली माहितीये? माणसाच्या लघवीत."

एकनाथने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "घ्या! आमचा बाप कोयता लागला की सरळ त्याच्यावर मुतायचा. त्याला कोणी डिग्री नाय दिली!"

"तसलं काही करायचं नाही हां! ढीगभर लघवीतून चिमूटभर निघते ती. तुमच्या पायावर त्याने फक्त घाण होईल."

तिघंही हसले. हसता हसता रुक्मिणीला सुचलं, "मग एवढा गुणी आहे तो हुक, तर जखमेत थोडा जास्त घालता येत नाही का गो?"

रेवाचं हसू ओसरलं. "तसं नाहीये आई. हाच हुक कॅन्सरच्या पेशीही वापरतात. हेलनकाकीचा आजार छातीतून हाडात गेला, तो अशाच वाटा कापत जातो. आणि जखम महिनोन्महिने उघडी राहिली तर हुक आत जातच नाहीत. कातर चालूच राहते. मग नवीन विणलेली कातडीसुद्धा टिकत नाही."

फ्लॉसीची जाऊ हेलन दोन वर्षांपूर्वी गेली होती. एकनाथ हळूच म्हणाला, "म्हणजे पाट फोडायचा तो वाफा भिजेपर्यंत. मग बांध घालायचा. नाय घातला तर तेच पानी वाडी बुडवतं."

"एवढंच, बाबा," रेवा म्हणाली. "फक्त बांध कोण घालतं ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही."

त्या दिवसापासून रुक्मिणी त्या किनारीच्या प्रेमातच पडली म्हणा ना. पट्टी सोडली की आधी कड बघायची. आपण जेवतो, भांडतो, मालिका बघत बसतो, आणि इकडे ह्यांच्या तळव्यात कुणीतरी न बोलता, न थकता, वाट कापत चाललंय! देवळात जाऊन हात जोडण्यापेक्षा त्या किनारीलाच जोडावेत असं तिला वाटे. मग ती स्वतःशीच हसायची आणि मलमाचं झाकण लावायची.

पण जखम मिटेना. कड दोन पट्ट्यांना आत सरकलेली दिसायची, तिसऱ्या पट्टीला बघावं तर पुन्हा मागे, फाटलेली, पांढुरकी. रुक्मिणीने गोडधोड बंद केलं, एकनाथच्या नावाने शनिवार धरला, साखर तपासून घेतली. साखर बरी होती. मग अडतंय कुठे? एरॉलने दिवाळीनंतर पाय बघितला आणि काहीच बोलला नाही. तो बोलला नाही याचीच रुक्मिणीला जास्त भीती वाटली. परत येताना रिक्षात एकनाथ बाहेर बघत बसला होता, आणि ती त्याच्या पायाकडे.

दिवाळीनंतरच्या रविवारी रेवा पुन्हा आली. कड बघताच तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, तुम्ही अनवाणी चालताय."

"नाय."

"ही कड पुन्हा पुन्हा फुटतेय. पेशी वाट करून आत येतात, कुणीतरी त्यांना परत पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतं. असं उगाच होत नाही."

"तुझ्या पेशी खोटं बोलत असतील. मी घरात चालत नाय, आंगनात चालत नाय. तुझ्या आयशीला विचार!" एकनाथ चांगलाच तापला. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे रुक्मिणीला तेव्हा आठवायला हवं होतं. पण तिनेही त्याचीच बाजू घेतली. खरंच तो घरात बुटाशिवाय हलत नव्हता.

रेवाने वाद घातला नाही. तिने दाराशी ठेवलेला तो बूट उचलला आणि उलटा केला. टाचेला थोडी धूळ होती. बाकी तळ कोराच्या कोरा. रबरावरच्या नक्षीचा एक दातही झिजला नव्हता.

"आई, हे रोज सकाळभर फाटकापाशी असतात ना?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? रुक्मिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नीटनेटक्या टोपल्या. पट्टीवरची माती, जी ती बुटात शिरलेली धूळ समजत होती. देठ एका मापाचे. चांदीपची माणसं चांगली होती, पण अशी पानं खुडणारा हात या आळीत एकच होता. आणि महिनाभर ती ज्या बुटाचं शेजाऱ्यापाजाऱ्यांत कौतुक करत होती, तो बूट रोज फाटकाबाहेर आरामात बसून होता, एकनाथच्या खुर्चीत एकनाथऐवजी.

"मळ्यात जाता तुम्ही?" तिने विचारलं.

एकनाथ गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हे बघून रुक्मिणीला रडूच फुटलं. "मळ्यातलं चालणं काय चालणं असतं?" तो म्हणाला. "ते तर... मळ्यातच असतं. बूट घालून कसा जाऊ मी आत? आणि नाय गेलो तर वेल बघनार कोण? ते दोघे देठ पिळून तोडतात."

"पाय गेला तर काय कराल? कुबडी घेऊन जाल मळ्यात?"

"कुबडी चालते," तो शांतपणे म्हणाला. "कुबडी म्हंजे चप्पल नाय."

याला काय म्हणावं! ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. पण हे बोलताना त्याचा स्वर असा होता की रुक्मिणीला चीडच येईना. हा माणूस अर्धा पाय द्यायला तयार होता, फक्त आज्याचा शब्द मोडायला तयार नव्हता. मूर्ख होता, हट्टी होता, पण खोटा नव्हता.

रेवाने हातातला बूट दाराशी परत ठेवला. मग म्हणाली, "बाबा, नियम मूर्खपणाचा नाहीये. बाहेरच्या मातीतून वेलीची मर येते, मुळं कुजवणारी. चपलेला लागून येते ती. पणजोबांना ते कुठूनतरी कळलं असणार. मग आपण असं करू. दुसरा बूट करून घेऊ. तो थेट फाटकात आणायचा, आत ठेवायचा, आतच घालायचा. बाहेरची माती त्याला कधी लागणारच नाही. मळ्याचा बूट मळ्यातच राहील."

बोलणं बिनतोड होतं. एकनाथने पूर्ण ऐकून घेतलं, विचार केला आणि मान हलवली. "नवा असला तरी पायतान ते पायतानच."

आठवड्याभरात सातिवलीहून दुसरा बूट आला. फाटकाच्या आत, सुपारीच्या बुंध्याशी, पिशवीतून काढून ठेवला. एकनाथने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो बाहेर खुर्चीत बसून राहिला, आतही जाईना, तो नवा बूटही घालीना. दोन टोपल्या पिळलेल्या देठांच्या बाहेर आल्या. त्याने त्यातलं एक पान उचललं, देठावरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने पायातला जुना बूट काढला, तो काठी टेकत उठला आणि उघडा पाय फाटकाच्या आत टाकायला निघाला.

"थांबा," रुक्मिणी मागून म्हणाली.

तिच्या हातात एक खोका होता. गेल्या वर्षी रेवाने आणलेल्या चपला, चांगल्या म्हणून कपाटात ठेवून दिलेल्या, एकदाही पायात न घातलेल्या. तिने फाटकाशी खोका उघडला. त्या काढल्या. फाटकाच्या आतल्या मातीवर ठेवल्या, आणि सगळ्या आळीच्या देखत त्यात पाय घातले. पलीकडच्या वाडीत फ्लॉसी फुलं तोडत होती, ती हातातली परडी घेऊन तशीच उभी राहिली.

"अगो, काय करतेस!" एकनाथ ओरडला.

रुक्मिणी चालायला लागली. पहिल्या रांगेतून, दुसऱ्या रांगेतून. पांगाऱ्यावर चढलेल्या वेली तिच्या खांद्याला लागत होत्या. चाळीस वर्षांत तिने इथे चपलेचा आवाज ऐकला नव्हता. सासरे आठवले, सासू आठवली, चार दिवस बाहेर काढलेल्या दुपारी आठवल्या. मळ्याच्या मधोमध ती थांबली आणि वळली.

"विटाळ झाला तो माझ्याने झाला," ती म्हणाली. "पाप लागायचं ते मला लागू दे. वेल कुजली तर माझं नाव घ्या. तुम्ही नियम मोडला नाय, मी मोडला. आता मोडलाच आहे तर तो बूट घाला आणि आत या. मला देठ तोडता येत नाय, तुमच्यासारखे."

एकनाथ फाटकात कितीतरी वेळ उभा राहिला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, बापाशी बोलला की वेलीशी कुणास ठाऊक. मग तो सुपारीच्या बुंध्याला धरून खाली बसला आणि बूट पायात चढवला.

त्यानंतरची गोष्ट फार सांगण्यासारखी नाही, आणि तरी रुक्मिणीच्या मते सगळ्यात मोठी तीच. कड सरकू लागली. या वेळी ती मागे गेली नाही. शिवणीच्या दोऱ्याएवढी किनार रुंद झाली, जखम चिंचोक्याएवढी झाली, मग मसुराच्या दाण्याएवढी. रेवा फोनवर विचारायची, "आई, आज कड काय म्हणते?" आणि रुक्मिणी, जिला दसऱ्यापूर्वी लेकीचं काम धड सांगता येत नव्हतं, ऐटीत सांगायची, "हुक आत घ्यायला लागलेत गो. बांध पडतोय." शरीराला बुद्धी कुठून येते, ते तिला कळलं नाही. पण मधे कुणी पाय घातला नाही तर ते आपलं काम चोख करतं, एवढं तिने डोळ्यांनी पाहिलं. अशी कारागिरी बघायला मिळाली, यात तिला आपलं भाग्य वाटलं.

नाताळच्या आधी आळीतल्या घरांवर कागदी चांदण्या लागल्या, तेव्हा एरॉलने तळवा बोटांनी दाबून बघितला. गुलाबी, बारीक सुरकुतलेली नवी कातडी होती, कोवळ्या पानासारखी. "काका, मिटली," तो म्हणाला, "बूट मात्र जन्मभर," आणि मग रुक्मिणीकडे बघून, "काकी, तुम्ही कमाल केलीत." तिने पदराने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुडलेल्या पानांवर टाकायचं ओलं फडकं द्यायला मळ्याकडे गेली. वेली हिरव्यागार होत्या. एकही कुजली नव्हती. फाटकाच्या आत तिच्या चपला सुपारीपाशी होत्या, त्याच्या बुटाच्या जागेशेजारी. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि त्या तशाच राहू दिल्या. आता गरज नव्हती. त्याला डॉक्टरने सांगितलंय म्हणून बूट; तिने कशाला? मोडलेला नियम आपल्यापुरता तरी पुन्हा जोडावा म्हणून ती अनवाणीच आत शिरली.

एकनाथ तिसऱ्या रांगेत बूट घालून वेल बांधत होता. त्याने मान वर केली. हातातली केळीच्या सोपटाची दोरी त्याने पांगाऱ्याला अडकवली आणि तो काठी टेकत तिच्या दिशेने आला. तिला वाटलं, फडकं घ्यायला आला. तो तिच्या बाजूने फाटकाशी गेला, बुंध्याला धरून कष्टाने वाकला, आणि तिच्या चपला हातात घेऊन आला. घरातल्या कुठल्या पुरुषाने बायकोच्या चपलेला हात लावलेला तिने ऐकला नव्हता. त्याने त्या तिच्या पावलांपुढे ठेवल्या, सरळ केल्या, आणि तसाच वाकलेला राहिला.

तो तिच्या टाचा बघत होता. चाळीस वर्षं या मातीत अनवाणी चाललेल्या, भेगा पडून काळ्या झालेल्या, काही भेगांच्या तळाशी लाल दिसणाऱ्या.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

"केव्हाचंच," ती म्हणाली. "दुखतं थोडं."

"मना बोलली का नाय?"

त्याने एका हाताने तिचा घोटा धरला, पाय उचलून चपलेत घातला, मग दुसरा.

"घरी गेल्यावर टॉवेल काढ," तो म्हणाला. "आणि आज पाटावर मी बसतो."